याच्यानंतरचा फोटो

"मानूस गेला का पयले खुशालले सांगा, मंग लाकडं आना," असे आमच्या आळीत म्हणत. परक्याला हे बोलणे कठोर वाटे. म्हणणाऱ्यांच्या मनात तसे काही नसे. आदिलाबादच्या त्या भागात घरोघरी लग्नाचे आल्बम होते, पण एकट्या माणसाचा, समोर पाहणारा, हार घालता येईल असा फोटो थोड्यांकडेच असे. कोणी गेले की घरातले कुणीतरी डोळे पुसत उत्कर्षा कलर लॅबमध्ये जाई आणि खुशाल दुर्गे यांना फक्त नाव सांगे. खुशालभाऊ क्षणभर छताकडे पाहत आणि विचारीत, "बोथच्या लग्नात होते ना ते? पिवळ्या फेट्यात, भात वाढून राह्यले होते?" मग दहा-पंधरा मिनिटांत गेलेला माणूस दुसऱ्या कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत सापडे. भोवतालची पंगत पुसून, खांद्यावरचा कुणाचा हात काढून, मागे फिकट निळा रंग देऊन खुशालभाऊ त्याला एकट्याला उभे करीत. तिसऱ्या दिवसाच्या आत चौकट घरी पोचे. त्यासाठी कुणी त्यांना फार धन्यवाद दिल्याचे मला आठवत नाही. विहिरीला पाणी लागल्याबद्दल विहिरीचे आभार कोणी मानत नाही, तसेच ते होते.

त्यांचे वडील दुसऱ्यांच्या शेतात राबले. खुशालभाऊ दहावीनंतर लक्ष्मणराव गुंडावार यांच्या स्टुडिओत फोटो धुण्याच्या कामाला लागले आणि तिथेच राहिले. लक्ष्मणराव गेले, स्टुडिओची लॅब झाली, मुलगा प्रवीण मालक झाला आणि त्याने आपल्या मुलीचे नाव पाटीवर लावले. अंधाऱ्या खोलीतले ट्रे गेले आणि संगणक आले. एक मोठा, सगळ्यांचे फोटो साठवणारा, आणि त्याला निळ्या वायरींनी जोडलेले पाच. खुशालभाऊंनी तेही काम शिकून घेतले. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी ते त्या लॅबचे सर्वांत जुने नोकर होते, आणि लॅबची स्मृतीही.

लॅबचा धंदा गावोगावच्या फोटोग्राफरांवर चालतो. बोथचा, बेल्याचा, किनवटकडचा फोटोग्राफर लग्न आटोपले की कॅमेऱ्यातले कार्ड घेऊन येतो, फोटो लॅबच्या संगणकावर उतरवतो आणि कार्ड तिथेच पुसून दुसऱ्या लग्नाला जातो. इतर शहरांत फोटोग्राफर स्वतःजवळ एक प्रत ठेवतात. आमच्याकडे कोणी ठेवत नसे. "खुशालभाऊनं घेतलं म्हणजे झालं," हे त्यांचे उत्तर असे.

तसे म्हणायला कारण होते. दर शनिवारी दुपारी, जेवणाचा डबा धुऊन झाला की खुशालभाऊ लोखंडी कपाटातून एक मोठी डिस्क काढीत, मोठ्या संगणकाला जोडीत आणि आठवड्याचे सगळे फोटो तिच्यावर उतरवून घेत. काम संपताच वायर काढून, डिस्क सुती फडक्यात गुंडाळून पुन्हा कुलपात ठेवीत. ती जोडलेली असताना ते चहालासुद्धा उठत नसत. "जोडलेली वस्तू अन् जपलेली वस्तू एक नसते," असे ते शिकाऊ लोकांना सांगत. त्यांच्या पत्नी भागीरथाबाई एकदा लॅबमध्ये आल्या असता म्हणाल्या, "माह्यापेक्षा त्या डबीले जास्त जपता तुमी."

"तुले कोनी चोरून नेत नाही ना," खुशालभाऊ म्हणाले.

"नेलं असतं त बरं झालं असतं," बाई म्हणाल्या, आणि सगळी लॅब हसली.

देवकाबाई या बोथजवळच्या एका खेड्यात भाजीपाला पिकवणाऱ्या. नवरा लवकर गेलेला, एकच मुलगा, वैभव. तरुणपणी हातपंपाचा दांडा तोंडावर बसून त्यांचे समोरचे दोन दात पडले होते. तेव्हापासून त्या बोलताना आणि हसताना तोंडावर पदर धरीत. जिथे जिथे त्यांचा फोटो होता तिथे तिथे त्या डोळ्यांपर्यंतच होत्या. वैभवचे लग्न मे महिन्यात झाले. फोटोग्राफर होता अमर, बोथचाच. नवरदेवाला फेटा बांधून झाल्यावर अंगणात मायलेकांचा फोटो घेताना अमर म्हणाला, "काकू, पदर काढा न जरा." त्या काढीनात. तेव्हा वैभवने "माय, आज त हास," म्हणून हात लांब करून तो पदर ओढला, आणि दोघेही हसू लागले. तेवढ्यात अमरने लागोपाठ तीन वेळा बटण दाबले होते. कॅमेऱ्याच्या मागच्या लहानशा काचेवर त्याने तो फोटो देवकाबाईंना दाखवला. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "हाच मोठा करजो."

आल्बमसाठी फोटो निवडायला घरच्यांनी लॅबमध्ये यायचे असते. पण वांग्या-टोमॅटोचे दिवस होते, येणे लांबले. श्रावणात एका सकाळी वैभव शेतात मोटार सुरू करायला गेला आणि विजेचा झटका बसून तिथेच गेला. लग्नाला तीन महिने झाले होते.

चौकट खुशालभाऊंनीच केली, फेट्यातल्या वैभवची, एकट्याची. ती न्यायला देवकाबाई स्वतः आल्या. अमरने सांगितलेले आठवून खुशालभाऊंनी हलक्या आवाजात विचारले, "माय, तो दुसराबी काढून देऊ का? तुमचा दोघांचा?"

"आत्ता नको, भाऊ," त्या पदराआडून म्हणाल्या. "तो हासनारा फोटो घरात लावला त मले घरात राहवनार नाही. वर्षश्राद्धाले येईन. तवर राहू दे तुह्यापाशी."

"राहू दे, माय. दहा वर्सानं आली तरी भेटन."

हे वाक्य त्यांनी अनेकांना सांगितले होते. त्या दिवशी त्यांनी तो फोटो कागदावर काढून ठेवला नाही. न मागितलेला, तोही असा, फोटो काढून पाहणे त्यांना दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरण्यासारखे वाटले. पुढे आपल्या सगळ्या आयुष्यातली ही एकच सभ्यता त्यांना सलत राहिली.

दसऱ्याला खुशालभाऊ आणि भागीरथाबाई दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. त्यामुळे लॅबमधली शस्त्रपूजा त्यांनी कधी पाहिली नव्हती, आणि त्याबद्दल कोणी काही मनात आणलेही नव्हते. पूजेची रीत लक्ष्मणरावांनी घालून दिलेली होती. त्यांचे म्हणणे असे की, झोपलेल्या यंत्राला पूजा लागत नाही. हळदकुंकू वाहताना यंत्र चालू हवे, आणि पूजा झालेली वस्तू तिसऱ्या दिवसापर्यंत जागची हलवायची नाही. त्यांच्या काळात फोटो मोठा करण्याच्या यंत्राचा दिवा लावून ठेवीत. प्रवीणशेठ सगळे संगणक सुरू करून ठेवीत. त्या वर्षी कपाटाची किल्ली नेहमीप्रमाणे त्यांच्याकडे देऊन खुशालभाऊ नागपूरला गेले. पूजा मांडताना प्रवीणशेठच्या मनात आले की, लॅबमध्ये सर्वांत मोठे काम करते ती ही डिस्क, आणि तिला आजवर एकदाही कुंकू लागलेले नाही. त्यांनी ती फडक्यातून काढली, मोठ्या संगणकाला जोडली, तिचा निळा दिवा लागलेला पाहून तिच्यावर झेंडूचे फूल ठेवले, नमस्कार केला आणि लॅबला कुलूप लावले. यात ममतेशिवाय दुसरे काहीही नव्हते.

चोर बहुधा आधीपासूनच आत होते. आल्बम मांडायचे एक सॉफ्टवेअर कुणीतरी फुकटात, कुलूप तोडलेले, उतरवून घेतले होते. त्याच्याबरोबर ते आले असावेत, असे पुढे हैद्राबादच्या एका संगणक-जाणकाराने सांगितले. सणाची बंद दुकाने त्यांना सोयीची असतात. खुशालभाऊ दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच परतले होते. पण लॅब बंद होती, म्हणून गेले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुलूप उघडले तेव्हा पाचही पडद्यांवर फोटोंच्या जागी कोऱ्या पांढऱ्या चौकटी होत्या. प्रत्येक फोटोचे नाव आणि क्रमांक तसाच होता, पण त्यापुढे अगम्य अक्षरांची शेपटी लागली होती. प्रत्येक कप्प्यात इंग्रजीत एक चिठ्ठी होती. तुमच्या फायली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत, चावी हवी असेल तर या पत्त्यावर लिहा, तीन दिवसांनंतर किंमत दुप्पट होईल.

खुशालभाऊ चिठ्ठी पूर्ण वाचायला थांबले नाहीत. त्यांनी एकेक करून निळ्या वायरी काढल्या. पाचवी काढायला वाकले तेव्हा त्यांना टेबलावर सुकलेले झेंडूचे फूल दिसले, आणि फुलाखाली निळा दिवा.

"हे कोनं जोडलं?"

"मी," प्रवीणशेठ म्हणाले. "भाऊ, म्या म्हटलं... तिचीबी पूजा व्हावी."

खुशालभाऊंनी डिस्कची वायर काढली. फडके शोधले, डिस्क त्यात गुंडाळली, आणि कपाटात न ठेवता तशीच हातात धरून खुर्चीवर बसले. नंतर म्हणाले, "फोन लावा."

हैद्राबादच्या जाणकाराने फोनवरच बजावले की संगणक बंद करू नका, पुसू नका, पडद्यांचे फोटो काढून ठेवा. सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदली गेली. ठाण्यातल्या हवालदाराने सगळे शांतपणे लिहून घेतले आणि सांगितले की पैसे देऊ नका, दिलेल्यांनाही चावी मिळतेच असे नाही. दुसऱ्या दिवशी जाणकार स्वतः आला आणि दोन दिवस बसला. डिस्क तपासून त्याने मान हलवली. या जातीच्या कुलपाची चावी अजून कोणाला सापडलेली नव्हती. बंद फायली टाकू नका, एवढेच तो म्हणाला, कधी कधी चोर पकडले जातात आणि चाव्या बाहेर येतात. वाचला फक्त कोपऱ्यातला, त्या पाचांव्यतिरिक्तचा, एक जुना बिघडलेला संगणक. पूजेच्या दिवशी तो सुरूच झाला नव्हता, म्हणून त्याला नुसते कुंकू लावून सोडून दिले होते. त्याच्यात दहा वर्षांपूर्वीपर्यंतचे फोटो होते. वैभवचे लग्न त्यात असणे शक्य नव्हते.

चिठ्ठीच्या तळाशी एक ओळ होती. आमच्याकडे चावी आहे याची खात्री पटावी म्हणून कोणतीही एक फाईल पाठवा, ती फुकट उघडून देऊ. जाणकार म्हणाला की हे ते खरोखर करतात, हा त्यांच्या धंद्याचा नमुना असतो.

लाखो फोटोंमधला एक. प्रवीणशेठच्या मुलीचे पहिले पाऊल त्यात होते, बापाचा शेवटचा वाढदिवस होता. प्रवीणशेठ म्हणाले, "भाऊ, तुमीच सांगा कोनता."

"देवकाबाईचा," खुशालभाऊ म्हणाले.

पण फोटोला आता चेहरा नव्हता, फक्त क्रमांक होता. त्या लग्नाचे अठराशेवर फोटो होते. अमरला बोलावून घेतले. लग्नाच्या दिवशी त्याने दोन फोटो लोकांना मोबाईलवर पाठवले होते. त्यांच्या नावात क्रमांक तसेच होते, त्यामुळे फेटा बांधतानाचा क्रमांक २२१६ आहे आणि वरात निघतानाचा २२९१, एवढे कळले. मधले चौऱ्याहत्तर. दोघे कागद घेऊन बसले.

"फेट्यानंतर कोन आलं समोर?"

"मामा. मामाचे तीन. मंग त्या मावश्या, आठ-नऊ असतीन. लय वेळ लागला त्यायले, एकीचा पदर नीट त दुसरीचा बिघडे."

"अन् मंग?"

"मंग दोस्त आले, गॉगलवाले, दोन. मंग काकूले हाक मारली म्या."

"दोन का तीन? नीट आठव, बाबू."

"काका, अठराशे फोटो काढले म्या त्या दिवशी," अमर रडकुंडीला येऊन म्हणाला. "कसं आठवू?"

शेवटी खुशालभाऊंनी २२३१ वर बोट ठेवले. स्वतः इंग्रजीत दोन ओळी लिहून त्यांनी फाईल पाठवली. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आले. फाईल उघडताना लॅबमधले सगळे उभे होते.

अंगण होते. फेटा होता. देवकाबाई होत्या.

"तोच!" अमर ओरडला. "काका, तोच हाये!" आणि लगेच त्याचा आवाज खाली आला. "नाही. हा पयला. हात गेला हाये त्याचा, पन पदर... याच्यानंतरचा, काका. याच्यानंतरचा."

पडद्यावर वैभवचा हात आईच्या तोंडाकडे गेलेला होता. बोटे पदराला टेकली होती. तो हसू लागला होता. त्या अजून झाकलेल्या होत्या. २२३२ मध्ये काय होते ते आता पक्के ठाऊक झाले, आणि ते उघडणार नव्हते.

खुशालभाऊंनी पुन्हा पत्र लिहिले. या वेळी ते लांब होते. एक स्त्री आहे, तिचा एकच मुलगा होता, सगळे ठेवून घ्या, फक्त पुढच्या क्रमांकाची फाईल द्या. उत्तर एका ओळीचे आले: एक म्हणजे एक. खाली किंमत होती, आणि ती दुप्पट झालेली होती. प्रवीणशेठ दोन दिवस जेवले नाहीत, पण पैसे न देण्याच्या निर्णयावर ठाम राहिले. खुशालभाऊंनी त्यांच्याशी वाद घातला नाही. चौथ्या दिवशी त्यांनी तिसरे पत्र पाठवले. तो पत्ताच नाहीसा झाला होता.

तीन आठवड्यांनी लॅब पुन्हा सुरू झाली. संगणक नव्याने भरले, फुकटचे सॉफ्टवेअर गेले, एकाऐवजी दोन डिस्का झाल्या आणि त्यातली एक प्रवीणशेठच्या घरी राहू लागली. फोटोग्राफरांनी कार्ड पुसणे सोडले. धंदा सावरला, असे म्हणता येईल.

खुशालभाऊ मात्र दर रविवारी पिशवीत स्कॅनर घालून बसने हिंडू लागले. लॅबमधून गेलेले आल्बम लोकांच्या घरी होते. त्यांतले पानन् पान पुन्हा संगणकात आणायचे, म्हणजे लोकांचे मेलेले लोक पुन्हा सापडू लागतील, असा त्यांचा हिशेब होता. ते बेज्जूरपर्यंत जाऊन आले. तिथे जयवंताबाई नावाच्या म्हातारीने आल्बम दिला, जेवू घातले आणि एका पानावर हात ठेवून म्हटले, "हा नको घेऊ बापू, याच्यात माही सवत हाये." खुशालभाऊंनी तो फोटो घेतला नाही. बसमध्ये मात्र, फार दिवसांनी, ते एकटेच हसले, असे त्यांनीच मला सांगितले.

त्या हिंडण्यात दुसरा शोध चालला होता. वैभवच्या लग्नाला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी विचारले की तुमच्या मोबाईलमध्ये अंगणातला एखादा फोटो आहे का. मावश्यांकडे मावश्या होत्या. दोस्तांकडे गॉगल होते. तो क्षण दोन-चार श्वासांचा होता आणि त्या वेळी सगळ्यांचे लक्ष वाजंत्रीकडे होते. वैभवची बायको नेहा मंचेरियलला माहेरी परतली होती. खुशालभाऊ तिथेही गेले. तिच्या आईने दारातच सांगितले, "तिच्या मोबाईलातून सारं काढून टाकलं आमी. पोरगी जेवत नव्हती, भाऊ. आता कुठं जेवून राह्यली." आतून नेहा बाहेर आली, पाणी दिले आणि विचारले, "काका, सासूबाई बऱ्या हायेत?" बऱ्या आहेत, असे ते म्हणाले. ती आत गेली. त्यांनी पुढे काही विचारले नाही.

जून संपत आला तेव्हा लॅबमध्ये आल्बम मांडणारी रश्मी म्हणाली, "काका, एक करू का? आजकाल बनवता येते. हाच फोटो देते, पदर काढून हसवते. दोन मिनिटं." खुशालभाऊंनी खुर्ची तिच्या पडद्याकडे ओढली, तेव्हा तिने ते केले. पडद्यावर देवकाबाई हसल्या. चेहरा त्यांचाच होता, सुरकुत्या त्यांच्याच होत्या, वैभवची बोटेही पदरावर बरोबर होती. खुशालभाऊ पुढे वाकले आणि पाहत राहिले.

"हिचे दात पूर्ण हायेत," ते म्हणाले.

रश्मीला कळले नाही. "छानच दिसते न, काका."

"पुस ते, बेटा."

श्रावणात, वर्षश्राद्धाच्या चार दिवस आधी, देवकाबाई आल्या. धुतलेले लुगडे, हातात पिशवीत लॅबमधल्यांसाठी शेतातली दोडकी. त्या काउंटरपाशी बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, आली मी. आता पाहीन म्हनते."

खुशालभाऊंनी २२३१ मोठा करून ठेवला होता. चौकट नव्हती घातली. तो त्यांच्यासमोर ठेवून ते उभे राहिले. बसले नाहीत.

देवकाबाईंनी आधी वैभवकडे पाहिले. फेट्यावरून, गालावरून बोट फिरवले. मग स्वतःकडे पाहिले.

"हा नाही, भाऊ. याच्यात मी अजून हासली नाही."

"हो, माय."

"तो दे."

"तो गेला, माय. संगनकात चोर शिरले. सारे फोटो नेले. हा एकच वापस भेटला."

"चोरायले माहा फोटो काऊन पाहिजे होता?"

खुशालभाऊंनी पूजेचे सांगितले नाही. प्रवीणशेठ आतल्या दारात उभे होते, तेच पुढे येऊन सांगू लागले, "बाई, चूक माही..." तेव्हा खुशालभाऊंनी हात करून त्यांना थांबवले. कधी तरी चावी निघेल, हेही त्यांनी सांगितले नाही. २२३२ ची बंद फाईल त्यांनी अजून वेगळी जपून ठेवली आहे आणि चावी निघाली का, ते दर महिन्याला पाहतात. पण वाट पाहत बसण्याचे आणखी एक ओझे त्या बाईच्या डोक्यावर ठेवायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते.

देवकाबाईंनी फोटोवरचा हात काढला. "साऱ्या जिंदगीत एकडाव तोंड उघडं पडलं माहं. त्यानं पाडलं. म्या पाह्यलं होतं त्या डबड्यात. एवढंसं होतं." त्यांनी अंगठ्याच्या पेराने माप दाखवले. मग पदर तोंडावर ओढून घेतला. "जाऊ दे, भाऊ. तू तरी काय करशीन. तुह्यावर राग नाही माहा."

त्यांनी फोटो पिशवीत ठेवला, दोडकी काउंटरवर काढून ठेवली आणि निघाल्या. दारात थांबून वळल्या नाहीत.

आता आमच्या आळीत ते जुने बोलणे कोणी बोलत नाही. बाजाराकडचे काही लोक म्हणतात की पूजेच्या दिवशी गडी जागेवर नसला की असेच व्हायचे. आळीतले लोक चिडून म्हणतात की पूजेनेच घात केला, खुशालचा यात काय संबंध. भागीरथाबाई दोन्ही ऐकतात आणि ताट वाढतात. खुशालभाऊ पूर्वीसारखेच कामाला जातात, शनिवारी डिस्क जोडतात, वायर काढतात. फक्त कुणाला "भेटन" असे म्हणत नाहीत. "पाहतो," म्हणतात.

मागच्या पौर्णिमेला मी गावी गेलो असता विहाराच्या पायऱ्यांवर ते बसले होते. शेजारी निवृत्त मास्तर नागेश भगत होते. वर्ष होऊन गेले, आता मनाला किती लावून घ्यायचे, अशी समजूत मास्तर घालत होते. "वायर तू लावली नाही. चोर तू आनले नाही. अन् ज्या बाईचं गेलं, तिनं स्वतः तोंडानं तुले माफ केलं. मंग आता काऊन कुढून राह्यला, खुशाल?"

खुशालभाऊंनी पायातली चप्पल सरळ केली आणि म्हणाले, "मास्तर, ते माफी द्याले आली नव्हती. फोटो न्याले आली होती."